१८६२ सालच्या इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराचं घर स्टेजवर कसं दाखवायचं?

मृण्मयी_धरमपेठ

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप यंदा राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर नवीन नाटक करतोय. पात्रं इंग्रज, भाषा मराठी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरचा एक विणकर, त्याची बायको, तीन पोरं आणि म्हातारी आई, एवढंच कुटुंब. संहिता आमच्याच मित्राची आहे. नेपथ्य आणि वेशभूषा माझ्या गळ्यात.

अडचण अशी की दिग्दर्शक महाशयांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र आहे. त्यांना मोठी फायरप्लेस हवी, आरामखुर्ची हवी, भिंतीवर शिंगांसकट हरणाचं डोकं हवं आणि बाईला फुगीर घेराचा झगा हवा. मी म्हटलं, अहो, हा माणूस मागावर काम करतो, एवढं कुठून आणेल? तर म्हणे, "इंग्लंड आहे ते."

कोणी नीट सांगेल का? घरात काय असायचं, जेवायला काय असायचं, पगार किती, सकाळ कशी उजाडायची? "गुगल कर" सोडून काहीही चालेल. आणि बजेट विचारू नका, हौशी मंडळींचं असतं तेवढंच आहे.

कॉटनमार्केट_७२

काळी टोपी, काळा कोट, मागे धूर सोडणारी चिमणी. झालं व्हिक्टोरियन. परीक्षकांना तरी कुठं माहीत असतंय!

रिंगखातं

परीक्षकांना माहीत नसलं तरी तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्यासारख्या खवचट म्हाताऱ्याला माहीत असतं. मी पोस्टातून निवृत्त. वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत, त्यामुळे हा विषय निघाला की माझा हात आवरत नाही. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

ताई, आधी ते हरणाचं डोकं उतरवा. ते जमीनदाराच्या बंगल्यात शोभतं.

मग साल पक्कं करा. व्हिक्टोरिया गादीवर होती १८३७ ते १९०१. एवढ्या काळात आजोबाचं आयुष्य वेगळं आणि नातवाचं वेगळं होणारच. १८४२ चा विणकर पगारकपातीविरुद्ध संपावर आहे, घरात दाणा नाही. १८९२ चा विणकर शनिवारी दुपारी फुटबॉलची मॅच बघायला जातो, वर्षातून एकदा बायकापोरांना घेऊन ब्लॅकपूलच्या समुद्रावर जातो आणि त्याची धाकटी पोर बिनफीच्या शाळेत शिकते. दोघांचं एकच घर करून चालायचं नाही. तुम्ही शीर्षकात १८६२ लिहिलंय, ते सोडू नका. १८६२-६३ च्या हिवाळ्यात नाटक आपोआप आहे, कसं ते पुढे सांगतो.

घर. विटांचं, रस्त्याला लागून ओळीनं उभं, शेजारच्याची भिंत तीच आपली. खाली एक किंवा दोन खोल्या, वर तेवढ्याच. काही वस्त्यांत तर पाठीला पाठ लावलेली घरं, म्हणजे मागच्या बाजूला दारही नाही, खिडकीही नाही. नळ अंगणात, चारदोन घरांत मिळून एक, आणि संडासही तसाच. स्टेजवर तुम्हाला खालची एकच खोली दाखवायची आहे. तिच्यात लोखंडी शेगडीची चूल, जिच्यावर स्वयंपाकही होतो आणि जिच्यानं घरही ऊबदार राहतं. बाई दर आठवड्याला ती काळ्या पॉलिशनं घासून चकचकीत करते. म्हणजे दिग्दर्शकांची फायरप्लेस राहिली, फक्त संगमरवर काढून टाका. घासून पांढरं पडलेलं लाकडी टेबल, दोनतीन खुर्च्या, एक बाक. भिंतीवर घड्याळ, कारण लँकेशायरच्या विणकराचे दिवस बरे असले की तो घड्याळ घेई. खणांचं एक कपाट. उजेडाला मेणबत्ती, नाहीतर नव्यानंच आलेला घासलेटचा दिवा. दाराबाहेरची पायरी खरबरीत दगडानं घासून पांढरी केलेली. ती मळकी राहिली तर आळीत बाईची इज्जत गेली असं समजा.

सकाळ. गिरणी सहाला सुरू. त्याआधी एक माणूस लांब काठी घेऊन गल्लीतून फिरतो आणि वरच्या खिडकीच्या काचेवर टकटक करतो. आठवड्याला दोनचार पेन्या घेऊन लोकांना उठवायचं, हाच त्याचा धंदा. पहिल्या प्रवेशाला यापेक्षा चांगला आवाज तुम्हाला मिळणार नाही. उशीर झाला तर फाटक बंद आणि दंड. १८५० च्या कायद्यानंतर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, त्यात दीड तास जेवणाखाणाचा आणि शनिवारी दोनला सुट्टी. आठवड्याचे ६० तास झाले. कायदा कागदावर बायका आणि पोरांसाठी होता, पण ती गेली की माग चालवणार कोण? म्हणून पुरुषांचंही काम तेव्हाच थांबे.

मागाच्या खात्यात आवाज इतका की बोललेलं ऐकूच येत नाही. विणकर बाया ओठांच्या हालचालीवरून बोलत आणि घरी आल्यावरही तोंड मोठं करून, हातवारे करून बोलायची सवय जात नसे. हे तुमच्या नटीला सांगा. माझे वडील घरीसुद्धा असेच बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय.

आता नाटक कुठं आहे ते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरचा कापूस आटला. गिरण्या अर्धवेळ चालल्या, मग बंद पडल्या. १८६२ संपता संपता सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या भाकरीवर जगत होती. आणि ही आळशी, दारुडी माणसं नव्हती बरं का. नवरा, बायको, मोठी पोर असे तिघं मागावर असले की घरात बरे पैसे येत. रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढलं होतं, त्याची नक्कल गावोगाव झालेली. विणकराचे त्यात शेअर, बचत बँकेत चार पौंड. बापकमाईचं काही नाही, सगळं स्वतःच्या हाताचं.

म्हणून म्हणतो, नेपथ्य भरू नका, उतरवत न्या. पहिल्या अंकात घड्याळ, कपाट, चिनी मातीच्या दोन बश्या, रविवारचा कोट खुंटीला. दुसऱ्या अंकात कोट गहाण, घड्याळाच्या जागी भिंतीवर फक्त फिकट चौकोन. तिसऱ्यात कपाट नाही, वरची गादीही गेलेली, सगळे खालच्या खोलीत चुलीजवळ झोपतात. मदत समितीचा माणूस चौकशीला येतो तेव्हा घरात विकण्याजोगं काही उरलंय का, हेच आधी बघतो. बजेटलाही परवडेल.

मृण्मयी_धरमपेठ

काका, दंडवत! फिकट चौकोन दिग्दर्शकांना वाचून दाखवला. पाच मिनिटं गप्प होते, आमच्याकडे हा विक्रम आहे. हरण गेलं.

पण एक खटकतंय. आमच्या संहितेत बायकोला जवळजवळ संवादच नाहीत. ती येते, रडते, जाते. नवराच सगळं बोलतो. तेव्हा खरंच तसं होतं का?

रिंगखातं

अजिबात नाही. उलट त्या घराचं अर्थखातं बाईकडे. लँकेशायरात चांगला नवरा म्हणजे पगाराची पुडी न फोडता बायकोच्या हातात देणारा. ती त्याला बिडीकाडीपुरते, म्हणजे तिथल्या पाइप आणि बिअरपुरते, पैसे परत देई. पगार महिन्याचा नव्हे, आठवड्याचा, आणि मागावर तर नगावर. जेवढं कापड, तेवढे पैसे. तिथं बाई विणकराला आणि पुरुष विणकराला दर एकच, ही गोष्ट त्या काळात इतर धंद्यांत शोधून सापडायची नाही. तुमची बायको नुसती घरात बसलेली दाखवू नका, तीही मागावरची दाखवा. मग तिचं रडणं कमी होईल.

तिचा आठवडा असा बघा. सोमवारी धुणं आणि त्याच दिवशी नवऱ्याचा रविवारचा कोट गहाणवाल्याकडे. शनिवारी पगार झाला की कोट सोडवायचा, रविवारी घालून चर्चला जायचं, सोमवारी परत गहाण. असा कोट वर्षभर ये-जा करी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नसे. गुरुवारच्या आसपास पाव भाजणं, शुक्रवारी घर घासणं, शनिवारी रात्री उशिरा बाजार, कारण दुकान बंद होता होता कसाई उरलेलं मांस स्वस्तात देतो. जेवण म्हणजे पाव, बटाटे, ओटच्या पिठाची लापशी, काकवी, कोरा चहा. मांसाचा तुकडा आला तर तो बापाच्या ताटात, कारण तो कामावर जाणार. मग पोरांना. ती स्वतः चहात पाव बुडवून घेते आणि "मला भूक नाही" म्हणते. हे वाक्य तिला नक्की द्या. मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

आकडे विचारलेत. २० शिलिंगचा एक पौंड, १२ पेन्यांचा एक शिलिंग. नेमका हिशोब थोडा पुढचा आहे, १८९९ चा. यॉर्क शहरात सीबोम राउंट्री नावाच्या, कोकोच्या कारखानदाराच्या मुलानं घरोघरी माणसं पाठवून चौकशी केली. नवरा, बायको, तीन पोरं, असं कुटुंब नुसतं धडधाकट ठेवायला आठवड्याला किती लागतात? २१ शिलिंग ८ पेन्स. त्यात खाण्याला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, आणि कपडेलत्ते, कोळसा, दिवाबत्ती मिळून ४ शिलिंग ११ पेन्स. या हिशोबात कसायाकडचं ताजं मांस नाही. रेल्वेचं तिकीट नाही, अर्ध्या पेनीचं वर्तमानपत्र नाही, परगावच्या मुलाला पत्र टाकायचं टपाल नाही, चिमूटभर तंबाखू नाही. आणि तिथल्या बिगारी मजुराचा पगार १८ ते २१ शिलिंग. मधली फट कुणी भरायची? बाईनं. राउंट्रीच्या हिशोबात यॉर्कची २८ टक्क्यांच्या आसपास माणसं गरिबीत निघाली.

मला त्याचं सगळ्यात पटलेलं निरीक्षण वेगळंच आहे. तो म्हणतो, मजूर आयुष्यभर एकसारखा गरीब नसतो. लहानपणी गरीब, कारण घरात खाणारी तोंडं जास्त. हाताशी येऊन कमावू लागला की चार वर्षं बरी. लग्न होऊन पोरं झाली की पुन्हा खाली. पोरं कामाला लागली की पुन्हा वर. म्हातारपणी कायमचा खाली. तुमच्या नाटकात तिन्ही वयं एकाच खोलीत आहेत, लेखकाला सांगा. म्हातारीच्या तोंडी वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी गरीबखान्याची, भीती हवीच. १८३४ च्या कायद्यानंतर तिथं गेलं की नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. सरकारी पेन्शन १९०९ मध्ये सुरू झालं, तेही सत्तरी गाठली तर. म्हणून म्हातारी दर आठवड्याला एक पेनी अंत्यविधीच्या विम्याला देते, उपाशी राहते पण तो हप्ता चुकवत नाही. बेवारस पुरलं जाणं हे त्या लोकांना मरणापेक्षा वाईट.

डॉक्टर_लेकरांची

मृण्मयी, तान्हं बाळ दाखवणार असशील तर एक सांगते. आई बाळंतपणानंतर लवकरच मागावर परत जायची, बाळ शेजारच्या म्हातारीकडे. ते रडू नये म्हणून 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं गोड पाक घातलेलं औषध पाजायचे, त्यात अफू. बाळ झोपायचं, दूध प्यायचं नाही, सुकत जायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात पेनीला मिळायचं. त्या काळात इंग्लंडमध्ये हजारी साधारण दीडशे बाळं पहिला वाढदिवस बघत नसत आणि शतक संपेपर्यंत तो आकडा फारसा हलला नाही.

आई वाईट होती असं दाखवू नका, प्लीज. मुंबईच्या गिरण्यांतल्या आयाही बाळाला अफूची गोळी देऊनच कामावर जायच्या. आजही ओपीडीत "रात्रभर झोपत नाही, काहीतरी द्या" म्हणणारी थकलेली आई आली की मला त्याच बायका दिसतात.

बेझनबागवाला

काय राजेहो, मँचेस्टरचं कायले करून राहिले? इथं एम्प्रेस मिल होती ना जी! आमच्या बेझनबागाचं नावच मिलच्या मॅनेजरवरून. आमचा बुढा मागावर, त्याचा बाप पण मागावर. भोंगा वाजला का अर्धं नागपूर उठे. त्याच्यावर नाटक कोणी करत नाई अन् गोऱ्यांच्या घड्याळाचा चौकोन पाहून रडून राहिले. बाकी माहिती एक नंबर आहे, हे मान्य.

रिंगखातं

भाऊ, रागावू नका. मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तर याच नाटकात बसतं.

अमेरिकेचा कापूस आटल्यावर लँकेशायरच्या मागावर काय चढलं? आपला. हिंदुस्थानातून जाणारा सगळाच कापूस तिकडे 'सुरत' म्हणून ओळखला जाई, मग तो गुजरातचा असो की आपल्या वऱ्हाडचा. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. सूत क्षणोक्षणी तुटे. नगावर पगार असल्यावर तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे पोटावर पाय. "देवा, कापूस पाठव, पण सुरत नको" अशी प्रार्थना तिथल्या लोकांनी केल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. इकडे शेतकऱ्याला कधी नव्हे तो भाव मिळत होता आणि तिकडे विणकर आपल्या कापसाला शिव्या देत होता. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली.

पुढं त्याच कापसावर आणि त्याच रेल्वेवर भरवसा ठेवून जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आपल्या गांधीसागराजवळ, गिरणी घातली. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा जाहीरनामा त्याच दिवशीचा, म्हणून नाव एम्प्रेस. मॅनेजर बेझनजी मेहता, आधी रेल्वेत होते. सुरुवातीला शेतीची सवय असलेले लोक चार दिवस यायचे, दोन दिवस दांडी. हजेरी टिकावी म्हणून बक्षिसं आली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आला. हे मालकाच्या चांगुलपणाचं की गरजेचं, यावर माझ्या वडिलांचं आणि आजोबांचं मरेपर्यंत पटलं नाही.

पण भाऊ, तुमच्या रागाला खरं खाद्य कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १८३३ पासून नऊ वर्षांखालचं पोर कापडगिरणीत ठेवायला मनाई. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा आला १८८१ मध्ये आणि त्यात वयाची मर्यादा किती? सात वर्षं! ती नऊवर गेली १८९१ मध्ये. तिथल्या विणकराला शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळत होती तेव्हा आपल्याकडे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी. रविवारच्या सुट्टीसाठी कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांना मुंबईत वर्षानुवर्षं भांडावं लागलं, ती मिळाली १८९० ला. राणी एकच, कामगार दोन.

मृण्मयीताई, एक प्रवेश असा करता येईल. विणकराच्या हातात कापसाचा गोळा, तो त्यातली काडी, बीचं टरफल काढत शिव्या देतोय. नागपूरच्या प्रेक्षकाला तो कापूस ओळखू येईल. काहीही समजावू नका.

बेझनबागवाला

हे आवडलं बाप्पा. मंग तिकीट किती ठेवून राहिले?

मृण्मयी_धरमपेठ

स्पर्धेचं नाममात्र असतं दादा, तुम्ही बुढ्याला घेऊन या, पहिल्या रांगेत बसवते.

लेखकाला सगळा धागा पाठवला. तो म्हणतो शेवट बदलतोय. आधी शेवटी नवऱ्याचं लांबलचक भाषण होतं. काका, त्या हिवाळ्यात प्रत्यक्ष काही घडलं का, की नुसती उपासमार?

रिंगखातं

घडलं. दोन गोष्टी देतो, लेखकानं निवडावी.

३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा झाली आणि तिनं उत्तरेच्या बाजूनं लढणाऱ्या अमेरिकेच्या अध्यक्षाला, लिंकनला, पत्र धाडलं, की गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. ज्याच्या पायी आपली चूल विझली त्याच युद्धाला पाठिंबा! लिंकननं जानेवारीत उत्तरही पाठवलं. मात्र सगळे विणकर असे उदार नव्हते. दक्षिणेची नाकेबंदी मोडा म्हणणारेही कामगारच होते. नवरा एका बाजूला आणि मेहुणा दुसऱ्या बाजूला ठेवा, भाषण टळेल.

दुसरी, मार्च १८६३, स्टॅलीब्रिज. मदत समितीनं ठरवलं की यापुढे रोख पैसे नाहीत, दुकानाच्या चिठ्ठ्या. गाव उसळलं, दुकानं फुटली, घोडदळ आणावं लागलं. का? चिठ्ठी दिली म्हणजे सांगितलं, की तुझ्या बायकोला पैसे सांभाळता येत नाहीत. जी बाई आयुष्यभर पेनी पेनी जोडून घर चालवत आली तिला! मी असतो तर शेवटचा प्रवेश हाच घेतला असता, आणि बोलायला तिलाच दिलं असतं.

मृण्मयी_धरमपेठ

चिठ्ठीच. ठरलं. आता शेवटचं, पायात काय? आमच्याकडे क्रिकेटचे पांढरे बूट आणि कोल्हापुरी आहेत.

रिंगखातं

दोन्ही नकोत. वर चामडं, खाली लाकडी तळ, तळाला लोखंडी पट्टी, असे जोडे घालत सगळे, बाप्ये, बाया, पोरं. बाईच्या डोक्यावरून लोकरीची शाल, टोपी नाही, घेराचा झगा तर नाहीच. जुन्या काळ्या बुटांना खालून प्लायवूडचा तळ ठोकून घ्या, कॉटन मार्केटकडे सुतार आहेत. फक्त तालमीपासूनच घालायला लावा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी म्हातारी घसरून पडेल.

कॉटनमार्केट_७२

सुतार मी सांगतो, माझ्या गल्लीतच आहे. काळी टोपी मात्र एक ठेवा राव, गहाणवाल्याला.